रांजणामागचा पाहुणा

आषाढ शुद्ध षष्ठी, शके १८८७, सोमवार. जानेफळ.

आज माझ्या हातून एक पाप झाले. हातून झाले हे लिहिणेही खरे नाही, कारण माझे हात त्या वेळी पोथीवर होते. तोंडातून झाले.

पेरण्या होऊन सोळा दिवस लोटले आणि पावसाने ओढ दिली आहे. सकाळी गुलाबराव पाटील देवळात आले. गावाला धोंडी काढायची होती. मुसळाला मधोमध बेडूक बांधावा, दोघांनी मुसळ खांद्यावर घेऊन दारोदार हिंडावे, बायांनी त्यावर पाणी ओतावे, बेडूक ओरडला की पाऊस येतो, अशी आमच्याकडची श्रद्धा. परंतु बेडूक मिळत नव्हता.

"सारी नदी पालथी घातली, बुवा," पाटील म्हणाले. "एक बेंडूक गावंना. आता धोंडीले का उंदीर बांधावा?"

पोथी चालू होती. वाचनात खंड पडू नये म्हणून मान वर न करता मी म्हणालो, "आमच्या न्हाणीत रांजणामागे एक आहे. न्या."

हा बेडूक तीन वर्षांपासून आमच्या घरी आहे. पाण्यातला नव्हे, झाडावरचा. पिवळसर तपकिरी अंग, बोटांच्या टोकांना वाटोळ्या गाद्या. उभी भिंत सहज चढतो. उन्हाळा तापला की झाड सोडून रांजणाच्या गारव्याला येतो आणि हातपाय पोटाखाली घेऊन, डोळे मिटून बसतो. स्नानाच्या वेळी त्याच्याकडे पाहून मी "महाराज, नमस्कार" म्हणत असे. ज्याला रोज नमस्कार केला त्याला मी मान वर न करता देऊन टाकले.

दुपारी धोंडी आमच्या दारी आली. सुताने बेडकाची मागची मांडी करकचून आवळली होती. अंग सुकून चामड्यासारखे झालेले, तोंड उघडे, आवाज नाही. माझ्या पत्नीने, अन्नपूर्णाबाईने, घागर ओतली. मग विळ्याने सूत कापले आणि त्याला ओल्या पदरात घेतले.

"वैनी, धोंडी मोडली तुमी," गुलाबराव म्हणाले.

"मोडली तं मोडली. माह्या घरचं होतं, मी घरात नेलं."

माझे ताट तिने नेहमीप्रमाणे वाढले. मेहकरला गुरुजींनी आम्हांला शिकविले होते की करणारा, करविणारा आणि मान डोलाविणारा हे पापाचे सारखेच वाटेकरी. चाळीस वर्षे मी हे लोकांना सांगत आलो. आज मी मानही डोलाविली नाही, इतका मी सुरक्षित होतो.

शुद्ध सप्तमी, मंगळवार.

संकल्प केला. त्याचा पाय बरा होईतो त्याची सेवा मी करीन. हेच प्रायश्चित्त.

चिनीमातीची एक रिकामी बरणी तीन पाण्यांनी धुतली, तळाशी ओला कापूस घातला, तोंडाला फडके बांधले आणि त्याला आत ठेवले. घटकाभरात तो तडफडू लागला, पोटाची कातडी पांढरी पडली. अन्नपूर्णाबाईने त्याला उचलून घागरीच्या पाण्याखाली धरले.

"लोनच्याची बरनी हाय ते," ती म्हणाली. "तडा गेलेली. त्या तड्यात दहा वर्साचं मीठ मुरलं असन."

मी बरणी धुतली होती, हे मी दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा सांगताना माझी मलाच लाज वाटली.

शुद्ध नवमी, गुरुवार. कांदेनवमी.

कडूबा सुताराकडे गेलो. मलकापूरहून दुकानात चहा येतो त्याचे एक रिकामे खोके त्याच्याकडे होते. एका जीवासाठी घर हवे, असे मी सांगितले.

"कोंबडीचं पिल्लू हाय का?"

"बेडूक."

कडूबाने विडी विझविली. "धोंडीचा?"

"हो."

तो हसेल असे वाटले होते. त्याने खोक्यावर हात फिरवून विचारले, "उभं करू का आडवं?"

"त्याने काय होते?"

"वर चढनारा जीव हाय तो, बुवा. त्याले उंची पाह्यजे. आडव्या खोक्यात तुमी-आमी राहू."

त्याने खोके उभे केले. दोन बाजूंना चाळणीची जाळी लावली, दोन बंद ठेवल्या. चारी बाजू उघड्या असत्या तर ओल टिकली नसती. आत आलेले खिळे वाकवून बसविले, जाळीच्या कडा मुडपल्या, चामड्याच्या बिजागरीचे दार पुढे दिले. चहाचा वास जावा म्हणून खोके धुऊन उन्हात ठेवायला सांगितले. तळाशी ओले तरट, त्यावर नदीची धुतलेली वाळू, आणि त्याला बसायला उंबराची एक आडवी-उभी फांदी, पानांसकट.

पाण्यासाठी मी देवघरातले तांब्याचे तामण ठेवले. तांब्यातले पाणी पवित्र. त्यात तुळशीचे पान टाकले, जखमेला हळद लावली आणि खोके देवघरातच ठेवले, म्हणजे दोन वेळा धूप मिळेल.

रात्री भरीत होते. उद्यापरवापासून चार महिने वांगे वर्ज्य, म्हणून आज दोनदा मागून घेतले. अन्नपूर्णाबाईचा हात चांगला आहे.

शुद्ध एकादशी, शनिवार.

माझा उपवास. त्याचाही. धोंडीपासून त्याने काहीच खाल्लेले नाही. दूधभात ठेवला, भिजविलेली मुगाची डाळ ठेवली, केळे कुस्करून ठेवले. मुंग्या आल्या. तो फांदीच्या अगदी शेंड्याला, पाण्यापासून दूर, जाळीला चिकटून बसला आहे. बरगड्या नसलेल्या जीवाच्या कुशी इतक्या आत जातात हे मी प्रथमच पाहिले.

अन्नपूर्णाबाईने तामण काढून मातीचे परळ ठेवले. मी हरकत घेतली.

"तांब्याचं पानी मानसाले," ती म्हणाली. "याचं कातडंच तोंड हाय. हा कातड्यानं पितो. अन् ते हळद धुवा. अन् धुपाचा धूर नका देऊ."

"तुला हे कोणी सांगितले?"

"कोन सांगीन? तीन वर्सं रांजनामागं पायतच होती."

मीही तीन वर्षे पाहात होतो. खोके न्हाणीत, रांजणाजवळ नेले.

त्याला खरे काय लागते ते मला ठाऊक आहे. किडे. जिवंत. ते कोणी आणावे? गळ्यात माळ घालून पंचेचाळीस वर्षे झाली. जाणूनबुजून मुंगीवर पाय दिला नाही. एका जीवाचे प्रायश्चित्त म्हणून रोज दहा जीव मारणे हे कोणत्या शास्त्रात बसते? रात्री उशिरापर्यंत पोथ्या चाळल्या. प्रायश्चित्ताचे प्रकार पुष्कळ सापडले. बेडकाला काय घालावे ते कुठेच नाही.

पौर्णिमा, मंगळवार.

आश्चर्य लिहून ठेवतो. तो सुधारला आहे. कुशी भरल्या, डोळे स्वच्छ, आज परळातल्या पाण्यात बसला होता. मागचा पाय मात्र लाकडासारखा ओढतो. दूधभात तसाच आहे. म्हणजे आठ दिवस केवळ पाण्यावर आणि वाऱ्यावर.

वर्षभर मौन धरून पावसात वाणी उघडणाऱ्या बेडकांना ऋषींनी व्रतस्थ ब्राह्मणांची उपमा दिली, ती उगीच नव्हे. मी अन्नपूर्णाबाईला म्हटले, "हा चातुर्मास करतो आहे."

"हाव," ती म्हणाली आणि रांजण भरायला गेली.

खोक्याच्या तळाशी दोन पारदर्शक पंख आणि नाकतोड्याची एक तंगडी सापडली. दिव्यावर आलेले किडे जाळीतून पडले असावेत. मी ती झाडून टाकली.

वद्य तृतीया, शुक्रवार.

देवळात सांगितले. सांगायचे नव्हते. पोथीत तपाचे प्रकरण आले आणि तोंडातून निघून गेले, की आमच्या घरी एक जीव आषाढी एकादशीपासून निराहार आहे आणि त्याची कांती वाढते आहे. पाटलांनी हात जोडले.

मला फार बरे वाटले. हे लिहिलेच पाहिजे.

वद्य षष्ठी, सोमवार.

तीन दिवस लोक दर्शनाला येत आहेत. नारळ, फुले. आज कोणीतरी जाळीतून गुलाल टाकला. बेडूक फिकट पडला आणि दिवसभर तरटाखाली दडून राहिला. अन्नपूर्णाबाईने वाळू बदलली, फांदी धुतली आणि न्हाणीला पडदा लावला.

"लोकायले सांगा ना, जीव हाय तो. देव नाई."

सांगतो म्हणालो. अजून सांगितलेले नाही. ती वांगी तोडायला गेली तेव्हा भर उन्हात घोंगडी पांघरून गेली. वयाबरोबर माणसाच्या सवयी विचित्र होतात.

वद्य अष्टमी, बुधवार.

परवा चार थेंब आले आणि परत आभाळ उघडले. गुलाबराव आले.

"बुवा, पयल्या धोंडीत चूक झाली. साधा समजून बांधला. आता तसं नाई. मखरात बसवू, हार घालू, वाजतगाजत नेऊ. असा उपवासी बेंडूक बीबी गावापासून मेहकरापावतर कोनापाशी नाई."

"ऊन सोसत नाही त्याला."

"अकरा दिस अन्नाबगर राह्यला, त्याले एक दिसाचं ऊन काय करीन?"

मीच दिलेला मुद्दा होता. मी म्हणालो, "दिवस पाहून सांगतो." पाटील समाधानाने गेले. ते गेल्यावर ध्यानात आले की या वेळीही मी हो म्हटलेले नाही. फक्त नाही म्हणालो नाही.

वद्य नवमी, गुरुवार.

हा दिवस नीट लिहिला पाहिजे.

दुपारी मळ्यात गेलो. एकादशीला धोंडी काढायला दिवस बरा आहे, हे तिला सांगावे म्हणून गेलो होतो. अन्नपूर्णाबाई वांग्याच्या ओळीत उकिडवी बसली होती. झाडाचे शेंडे एकेक उलटून पाहायची, अळी काढायची आणि शेजारच्या डब्यात टाकायची. डब्यात राख होती. राख हलत होती. पदराच्या टोकाला गाठ होती, आणि त्या गाठीतही काही हलत होते.

"गाठीत काय आहे?"

"महाराजाचा फराळ."

मी बांधावर बसलो.

"तो उपवासी आहे. मी देवळात सांगितले."

"तुमी सांगितलं. त्यानं कुठं सांगितलं?"

"केव्हापासून देतेस?"

"एकादशीच्या सांजेपासून. एक नाकतोडा, दिव्यावरची दोन पाखरं. मोठा दिला तं लंगड्या पायानं धरता येत नाई त्याले, म्हून बारीक पाहून देते."

"मला का सांगितले नाहीस?"

तिने एक शेंडा उलटला, अळी काढली, राखेत टाकली. "तुमाले सांगितलं असतं तं तुमी नको म्हनले असते, मंग तो मेला असता. नाईतं हो म्हनले असते, मंग तुमची माळ बाटली असती. म्हटलं, माह्याच नावावर राहू द्या."

मी विचारले, "असे किती दिवस?"

"बेंडकाचं विचारता का वांग्याचं?"

मी तिच्याकडे पाहिले. ती चिडली नव्हती. थकलेली होती.

"वांग्यावरच्या अळ्या लगन झाल्यापासून मारून राह्यली मी. आधी सासूबाई मारत. त्यायच्या गळ्यातबी माळ होती. तुमाले भरीत आवडते."

चातुर्मासात वांगे मी खात नाही. मळ्यात मात्र ते पिकते आणि बाजारात जाते. आणि उरलेल्या आठ महिन्यांत मी मागून घेतो. ते ताटात येण्याआधी काय होते, हे या मळ्याचा धनी असून मी पाहिले नव्हते. डोळे नव्हते असे नाही. ती अळ्या वेची त्या वेळी मी नेहमी पोथीवर असे.

ती उठताना तोल जाऊन खाली बसली. उन्हाने झाले असेल, म्हणाली.

वद्य दशमी, शुक्रवार.

काही लिहिता येत नाही.

वद्य एकादशी, शनिवार.

पाटील मखर घेऊन देवळात आले होते. झेंडूच्या माळा, केळीचे खांब, वर लाल फडके. पोथी उघडण्याआधी मी उभा राहिलो.

मी सांगितले की बेडूक उपवासी नाही. तो रोज किडे खातो. ते माझ्या घरातून दिले जातात. मला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसणे मला सोयीचे होते. मी तुम्हांला जे तप म्हणून सांगितले ते माझ्या घरातल्या बाईचे कष्ट होते. पहिल्या धोंडीला बेडूक मी दिला. या धोंडीला देणार नाही.

मागून कोणीतरी हसले आणि सारी सभा हसली.

"म्हंजे बुवा," गुलाबराव म्हणाले, "तुमचा तपस्वी खाटीक निंगाला."

"बेडूक निघाला, पाटील. तो आधीपासून बेडूकच होता."

"अन् आमी नारळं फोडले ना त्याच्यापुढं."

"त्याचा दोष माझा."

ते हसत होते. पण नंतर त्यांचा चेहरा उतरला. चारचौघांत हात जोडले होते त्यांनी. मखर उचलून नेता नेता म्हणाले, "श्रावणातल्या पोथीले बीबीचा मानूस बोलवू यंदा. लोकायचं मन बसलं पाह्यजे ना, बुवा."

सव्वीस श्रावण मी त्या व्यासपीठावर वाचले. मी म्हणालो, "बोलवा."

घरी येऊन तिला सांगितले. ती आडवी झाली होती. "बरं झालं," एवढेच म्हणाली. बरे काय झाले, धोंडी टळली ते की पोथी गेली ते, हे मी विचारले नाही.

वद्य चतुर्दशी, मंगळवार.

तिला हिवताप आहे. भर उन्हातली घोंगडी आता मला कळते. हिवताप खात्याचा माणूस बोटातले रक्त काचेवर घेऊन गेला आणि कडू गोळ्या देऊन गेला. दोन घोंगड्यांखाली ती खाटेसकट हलते. मी पेज करायला शिकलो, पहिली जळली.

पाऊस लागला आहे. कधी लागला ते लक्षात आले नाही. कडूबा पोते पांघरून येऊन गेला. खोक्याची बिजागरी फुगली होती ती तासून दिली. आत वाकून म्हणाला, "पाय नाई येनार त्याचा, बुवा. सुकला. आता जल्मभर इथंच ठिवा लागीन."

"ठेवीन."

"त्याले खायाले कोन देते?"

तो खाटेकडे बघून निघून गेला.

अमावास्या, बुधवार. दिव्याची अवस.

सकाळी ताप उतरला तेव्हा ती पहिले वाक्य हे बोलली: "त्याले चार दिस काई भेटलं नाई. कोन देईन?"

"कडूबाला सांगतो," मी म्हणालो.

तिने डोळे मिटून घेतले. आणि माझे मलाच ऐकू आले. पाटलांना सांगितले, "न्या." आता कडूबाला सांगणार होतो, "आण."

पाऊस थांबला होता. मळ्यात गेलो. बांधाजवळ पोचल्यावर गळ्यातली माळ काढून उंबराच्या फांदीला अडकवावी असे मनात आले. क्षणभरच, काम झाले की स्नान करून पुन्हा घालता येईल. हात गळ्यापर्यंत गेलाही. मग समजले की देव फांदीला टांगून ठेवायचा, पाप उरकायचे आणि देव परत घालायचा, हाच तर माझा इतक्या वर्षांचा नित्यनेम आहे. माळ काढली नाही.

नाकतोडा धरणे वाटते तितके सोपे नाही. सासष्ट वर्षांचा माणूस गवतात गुडघ्यांवर रांगत होता. चार निसटले. पाचवा मुठीत आला. त्याने पायांनी तळहाताला ढुशा दिल्या. त्यात किती जोर असतो. मी त्याची क्षमा मागितली नाही. ती त्याच्या कामाची नव्हती. येताना वांग्याच्या दोन ओळींवरच्या अळ्याही वेचल्या. तिचे काम पडून होते. राखेचा डबा जिथल्या तिथे होता.

खोक्याचे दार उघडून नाकतोडा फांदीवर सोडला. बेडूक बराच वेळ निश्चल होता. मग मान किंचित वळली, लंगडा पाय ओढून एक पाऊल पुढे सरकला, जीभ आली आणि नाकतोडा गेला, दोन पंख तेवढे वाळूत पडले. गिळताना तो दोन्ही डोळे मिटून आत ओढतो. त्याखेरीज घास उतरत नसावा. मी माझे उघडे ठेवले.

हात धुऊन दिवे घासायला घेतले. आजचे दिवे तीच घासत असते. घासताना आतून आवाज आला.

"खाल्लं का त्यानं?"

"खाल्लं."

"कोनी धरला?"

"मी."

घोंगडीतून ती म्हणाली, "पंख बाहेर टाका. मुंग्या लागतात."

न्हाणीत जाऊन वाळूतले पंख वेचले. या वेळी ते कुठून आले याचा विचार करावा लागला नाही.